दोर बांधायचा कुठं? जुन्या जिप्सीवर स्वतः काम करू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात वेल्ह्याच्या अलीकडे एका भातखाचराच्या कडेला माझी जुनी मारुती जिप्सी रुतली. टपावर नवाकोरा एलईडी बार होता. त्याच्या लखलखाटात चारी चाकं किती खोल गेली आहेत ते अगदी स्वच्छ दिसत होतं. जवळच्या वस्तीवरून एक काका ट्रॅक्टर घेऊन आले, गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "ताई, दोर बांधायचा कुठं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आधीच्या मालकाने पुढचे मूळ हूक काढून तिथे पत्र्याचा शोभेचा बंपर लावला होता. शेवटी त्यालाच दोर बांधला. काकांनी क्लच सोडला, बंपर ट्रॅक्टरबरोबर गेला आणि गाडी जागच्या जागी राहिली.

तेव्हापासून कोणी नवीन गाडी घेऊन "काय काय बसवू?" असं विचारलं की मी एकच क्रम सांगते. गाडीला आत नेणाऱ्या वस्तू नंतर घ्या, बाहेर काढणाऱ्या आधी. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलंय. उदाहरण जिप्सीचं घेतलंय, कारण माझे हात तिच्यावरच काळे झालेत. शिवाय शिकायला तिच्याइतकी सोपी गाडी नाही. लॅडर चॅसी (शिडीसारखा लोखंडी सांगाडा), पुढे-मागे सलग अॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा), चारी कोपऱ्यांत पाटे (लीफ स्प्रिंग), 1.3 लिटरचं पेट्रोल इंजिन आणि वजन साधारण एक टन. थार किंवा जिम्नी असेल तर सुटे भाग बदलतील, क्रम बदलणार नाही.

हत्यारं आणि घोड्या

सुरुवातीला फार काही लागत नाही. 8 ते 24 चे रिंग पाने, एक बरा गोटी (सॉकेट) सेट, टॉर्क रेंच, ग्रीस गन, पक्कड, मल्टिमीटर आणि गंजलेल्या बोल्टांवर मारायचा स्प्रे. गोटी सेट जुन्या बाजारातला चालेल, टॉर्क रेंच मात्र नवा घ्या.

घोड्या म्हणजे उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड. त्यांच्या बाबतीत काटकसर नको. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. गाडी उचलली की चॅसीखाली दोन घोड्या लावायच्या, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे, गाडी हाताने हलवून बघायची आणि मगच खाली सरपटायचं. विटांची चवड हा घोडीला पर्याय नाही, वीट भाराखाली एकदम फुटते. पुढचं-मागचं दोन्ही हवेत घेऊन काम करण्याचा मोह पहिल्या वर्षी तरी टाळा.

आधी जे आहे ते नीट करा

हा भाग कंटाळवाणा आहे आणि याचा फोटोही कोणी टाकत नाही. पण जुन्या गाडीला घातलेला पैसा सगळ्यात जास्त इथेच वसूल होतो.

एका रविवारी गाडीचं पोट पाण्याने धुऊन काढा आणि वाळल्यावर टॉर्च घेऊन खाली जा. चॅसीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत पुढून मागे जा. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तिथे गंज आहे. कोकणात किंवा गोव्यात राहिलेली गाडी असेल तर पाट्यांची टोकं जिथे चॅसीला अडकतात ते कोपरे जास्त बघा. खारी हवा आणि साचलेला चिखल तिथेच आपलं काम करतात. वरून काळा रंग मारून चकाचक केलेली चॅसी दिसली तर जरा जास्तच जोरात ठोका.

मग बुश. पाट्याच्या डोळ्यातले (टोकाच्या गोल भोकातले) रबर चिरलेले असतील तर सगळे एकदम बदला. प्रोपेलर शाफ्टच्या (अॅक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटचे क्रॉस हाताने पिळून बघा, जरा जरी खेळ असला तरी बदला. पाट्यांचे यू-क्लॅम्प, सेंटर बोल्ट, शॉकअपचे रबर, ब्रेकचे होज पाइप, सगळ्यांवरून नजर फिरवा. ग्रीस निप्पल शोधा. आमच्या गाडीत दोन निप्पल चिखलाखाली इतके गाडले गेले होते की आधीच्या मालकाला ते आहेत हेच ठाऊक नसावं.

पन्नास-साठच्या वेगाला, खड्ड्यातून गेल्यावर स्टिअरिंग थडथडायला लागत असेल, तर लगेच स्टिअरिंग डॅम्पर (थडथड शोषून घेणारा छोटा शॉकअप) बसवून रोग झाकू नका. चाकांचं बॅलन्सिंग, टाय रॉडचे (पुढची दोन चाकं एकत्र वळवणाऱ्या दांड्याचे) एंड, किंगपिनची (चाक ज्यावर डावं-उजवं वळतं त्या खुंटीची) बेअरिंग, याच क्रमाने तपासा. पुढचं चाक हवेत घ्या, वर आणि खाली हात धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्या कोणाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग ढिलं आहे, राहिला तर किंगपिनकडे बघा.

आता फोर बाय फोर खरंच लागतंय का ते बघा. अनेक जिप्सींच्या पुढच्या हबवर फिरवायची गोल चकती असते. ती दोन्ही बाजूंना 'लॉक'वर नसेल तर आत लिव्हर कितीही ओढा, पुढची चाकं फिरणार नाहीत. ही चाचणी मातीवर किंवा खडीवर घ्या. या गाडीत पुढच्या-मागच्या अॅक्सलच्या मधे डिफरन्शियल, म्हणजे दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच, नाही. त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर बाय फोरमध्ये वळवली तर जॉइंट आणि गिअर पिळवटले जातात.

दोर बांधायची जागा

पुढे एक आणि मागे एक, दोन्ही थेट चॅसीला. बंपरला नाही, पाट्याच्या शॅकलला (पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या पट्ट्यांना) नाही, अॅक्सलला तर नाहीच. कंपनीने दिलेले हूक शाबूत असतील तर त्यांचे बोल्ट तपासा, तेवढं पुरे. नसतील तर चॅसीवर जिथे कंपनीची भोकं आहेत तिथेच हूक बसवायचा. बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा आकडा कोरलेला असतो, त्याखालचा बोल्ट इथे वापरायचा नाही. आतल्या बाजूने जाड पट्टी द्यायची, म्हणजे ओढ एका भोकावर न येता चॅसीच्या पत्र्यावर पसरते. "मॅडम, वेल्डिंग मारून देतो, हत्ती ओढेल," असं सांगणारे भेटतील. त्यांना चहा पाजा आणि बोल्टच लावा. वेल्डिंग आतून कितपत धरलंय ते बाहेरून दिसत नाही.

ट्रेलर ओढायचा गोळा मागे असेल तर त्यालाही दोर लावायचा नाही. झटक्याने तो गोळा मानेतून तुटतो आणि सरळ समोरच्या गाडीच्या काचेतून आत येतो. जगभर माणसं यानेच मेली आहेत.

दोर दोन प्रकारचे असतात. पॉलिस्टरचा पट्टा फारसा ताणत नाही, तो सावकाश ओढायला. नायलॉनचा कायनेटिक दोर रबरासारखा ताणतो आणि साठलेल्या ताकदीने रुतलेली गाडी उपटून काढतो. जिप्सीसारख्या हलक्या गाडीला कायनेटिक दोर आणि दोन बो शॅकल (दोर हूकला अडकवायच्या, पिनेने बंद होणाऱ्या लोखंडी कड्या) पुरतात. शॅकलवर 3.25 टन किंवा 4.75 टन असा कामाचा भार कोरलेला असतो. ज्यावर काहीच कोरलेलं नाही तो दुकानातच ठेवून या. पिन पूर्ण आवळून पाव फेरा उलट फिरवायची, नाहीतर ओढल्यावर ती अशी जाम होते की पान्यालाही दाद देत नाही.

ओढताना दोराच्या मध्यावर ओलं पोतं टाकायचं, म्हणजे दोर तुटलाच तर तो हवेत फटकारण्याऐवजी खाली पडतो. बघे लांब उभे करायचे, निदान दोराच्या दीडपट अंतरावर. हे सांगायला थोडा आवाज चढवावा लागतो. गाडी रुतली की आपल्याकडे पाच मिनिटांत पंधरा सल्लागार जमतात आणि त्यातले दोघे दोराला हात लावून उभे असतात.

एक फावडं मात्र नेहमी बरोबर असू द्या. दहापैकी सात वेळा चाकासमोरची माती उपसून, खाली दगड घालूनच गाडी निघते.

हवा, मग टायर

टायर बदलायच्या आधी आहे त्या टायरमधली हवा कमी करून बघा. रस्त्यावर 28 पीएसआय ठेवत असाल तर चिखलात आणि दगडात 18, मऊ वाळूत 14-15. हवा कमी झाली की टायर लांबीला पसरतो, जमिनीला जास्त चिकटतो आणि टोकदार दगडावर फाटण्याऐवजी दबतो. फुकटात मिळणारी याहून मोठी सुधारणा मला माहीत नाही. 14 च्या खाली मात्र साध्या रिमवर जाऊ नका, वळताना टायर रिमवरून निसटतो. हवा कमी असताना ताशी 30-40 च्या वर जायचं नाही, बाजूची भिंत तापून आतून फाटते.

म्हणजे दोन वस्तू हव्यात, चांगला गेज आणि हवा परत भरायला छोटा कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडायचा. सिगारेट लायटरच्या सॉकेटला जोडला की फ्यूज जातो, तोही नेमका संध्याकाळी.

आता टायर. जिप्सी किंगचा मूळ आकार 205/70 आर15. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, तिसरा रिमचा व्यास इंचांत. त्यावरून या टायरचा पूर्ण व्यास 668 मिमी येतो. 215/75 आर15 घातला तर 703 मिमी. व्यास 35 मिमीने वाढला, म्हणजे अॅक्सल त्याच्या निम्म्याने, साधारण 18 मिमी वर गेला. स्पीडोमीटर 60 दाखवेल तेव्हा तुम्ही 63 ने जात असाल. 235/75 आर15 घातला तर अॅक्सल 33 मिमी वर जाईल आणि 60 म्हणजे जवळजवळ 66 होईल. पण मग गिअर जड पडतात, घाटात चौथ्यावर चढणारी गाडी तिसरा मागते, ब्रेकला जास्त मेहनत पडते आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर पाट्याला किंवा बॉडीला घासतो. नवख्याने 215/75 वर थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे.

नक्षीबद्दल एवढंच: रोजच्या वापरालाही हीच गाडी असेल तर ऑल टेरेन घ्या. मड टेरेन डांबरावर भुंग्यासारखा गुणगुणतो आणि पावसाळी रस्त्यावर ब्रेक लागायला जास्त अंतर घेतो. लाल मातीत ऑल टेरेन बरा चालतो. देशावरच्या काळ्या मातीत मात्र दोन्हींच्या नक्षीत माती भरते आणि टायरचा गुळगुळीत लाडू होतो. तिथे शहाणपण हेच की पाऊस पडल्यावर जाऊच नये.

चाकं बदलल्यावर नट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा आणि 50-100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम

ओढ्यातून गाडी नेली आणि आठवड्याने मागच्या अॅक्सलचं तेल काढलं तर ते दुधाच्या चहासारखं निघालं, हा अनुभव बहुतेकांना येतो. कारण असं. चालून तापलेला अॅक्सल थंड पाण्यात शिरतो, आतली हवा आकसते आणि पोकळी भरायला तो ऑइल सीलमधून, ब्रीदरमधून पाणी आत खेचतो. ब्रीदर म्हणजे अॅक्सलवरची श्वास घ्यायची बारीक टोपी. ती पाण्याच्या पातळीच्या वर नेली की प्रश्न बराचसा सुटतो.

करायचं असं. ब्रीदरभोवतीची माती आधी ब्रशने काढा, नाहीतर तीच आत पडेल. टोपी पान्याने सोडवा, तिचे आटे घेऊन स्पेअर पार्टच्या दुकानात जा आणि त्याच आट्यांचा नळी बसणारा निप्पल आणा. त्यावर पेट्रोलचा रबरी पाइप चढवून क्लिप आवळा. साधी पाण्याची नळी नको, ती तेलाने फुगते. पुढच्या अॅक्सलचा पाइप इंजिनच्या खोलीत फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ) वरपर्यंत न्या, मागचा टेल लॅम्पच्या उंचीपर्यंत. ब्रेकच्या होज पाइपाशेजारून नेलात तर वाट आपोआप नीट मिळते, पण अॅक्सल पूर्ण खाली लोंबला तरी पाइप ताणणार नाही इतका ढिला ठेवा. सायलेन्सरपासून लांब. वरच्या टोकाला मोटरसायकलचा छोटा पेट्रोल फिल्टर लावला की धूळही जात नाही. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचेही (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीचेही) ब्रीदर असेच वर घ्या. एका दुपारचं काम आहे.

वायरिंग

माझ्या त्या एलईडी बारची वायर आधी थेट हेडलाइटच्या स्विचमधून घेतली होती. बसवणाऱ्याने सांगितलं, "काही होत नाही." तीन आठवड्यांनी स्विच वितळला. हा धडा नीट शिकण्यासारखा आहे.

120 वॅटचा बार 12 व्होल्टला 10 अँपिअर खातो. एवढा प्रवाह स्विचमधून न्यायचा नाही. तो रिलेमधून न्यायचा आणि स्विचने फक्त रिलेला इशारा द्यायचा. बाजारातल्या साध्या चार पायांच्या रिलेवर आकडे असतात. 30 ला बॅटरीच्या प्लसकडून येणारी जाड वायर. 87 वरून तीच जाड वायर दिव्याला. 86 ला स्विचकडून येणारी बारीक वायर. 85 ला अर्थ. जाड वायर 2.5 चौरस मिमीची घ्या. फ्यूज 15 अँपिअरचा आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरात, दिव्याजवळ नाही. कारण फ्यूज दिव्याला नाही, वायरला वाचवतो. मधे कुठे पत्र्याला घासून वायर उघडी पडली आणि फ्यूज तिच्या पुढे असेल तर गाडी पेटते.

वायरी पिळून वर टेप गुंडाळण्याची पद्धत सोडा. थिंबल लावा, क्रिम्पिंगच्या पक्कडने दाबा, वर हीट श्रिंक चढवा. फायरवॉलमधून वायर नेताना भोकात रबरी ग्रोमेट हवाच. अर्थ रंगाच्या वर लावू नका, पत्रा घासून उघडा करा, बोल्ट आवळा, वरून ग्रीस फासा.

हे जमलं की हीच युक्ती मूळ हेडलाइटला करा. जुन्या गाडीत लांबलचक वायरी आणि झिजलेला स्विच यांत व्होल्टेज वाटेतच गळतं. रिले घातल्यावर तेच बल्ब उजळ दिसतात आणि कदाचित बारची गरजच उरत नाही.

उंची वाढवण्याचा मोह

उंच गाडी रुबाबदार दिसते, कबूल. पण जमिनीला सगळ्यात जवळ असतो तो अॅक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा, आणि तो फक्त मोठ्या टायरने वर जातो. बॉडी कितीही चढवा, गोळा तिथेच.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणून लांब शॅकल विकले जातात. शॅकल 2 इंच लांब केला तर गाडी 1 इंच उठते, कारण पाट्याचं एकच टोक उचललं जातं. जिप्सीत पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असल्याने अॅक्सल किंचित पुढे झुकतो, कॅस्टर (स्टिअरिंग आपोआप सरळ आणणारा कोन) कमी होतो आणि स्टिअरिंग सरळ रस्त्यावर भरकटायला लागतं. मी हे करून ताम्हिणी उतरले आहे. घरी पोचताच जुने शॅकल परत लावले.

पाटे अॅक्सलच्या खालून काढून वर बसवणं हा दुसरा प्रकार. गाडी पाचेक इंच उठते, पण जॉइंटचे कोन, स्टिअरिंगचा रॉड, ब्रेकचे होज, शॉकअप, सगळं बदलावं लागतं. तो नवख्याचा उद्योग नाही.

उंची हवीच असेल तर नवे पाटे आणि त्यांना जुळणारे लांब शॉकअप असा पूर्ण संच घ्या, दीड-दोन इंचांवर थांबा. यू-क्लॅम्प नवेच वापरा, एकदा आवळून ताणलेले पुन्हा तसे धरत नाहीत. बसवल्यावर अॅक्सल पूर्ण खाली सोडून ब्रेकचा होज ताणतोय का ते बघा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळं पुन्हा आवळा आणि अलाइनमेंट करून घ्या.

स्नॉर्केल

स्नॉर्केल लावला म्हणजे गाडीची बोट होत नाही. तो फक्त इंजिनची हवा वरून घेतो. वायरी, स्पार्क प्लग, गिअरबॉक्स पाण्यातच असतात. बसवला तर एक परीक्षा घ्या: गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून वरचं तोंड तळहाताने पूर्ण झाका. इंजिन गुदमरून बंद पडलं तर सांधे पक्के आहेत. चालूच राहिलं तर कुठून तरी खालून हवा येतेय, आणि जिथून हवा येते तिथून पाणीही येतं.

पाण्यात गाडी बंद पडली तर सेल मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा, प्लग उघडा, मग सेल मारून पाणी उडवा.

कायदा

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसी बुकातला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. लोखंडी बुल बारवर केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे. इंजिन, चॅसी, बॉडीचा आकार, रंग यांना हात लावायच्या आधी आरटीओत विचारा. जास्तीचे दिवे रस्त्यावर झाकून ठेवा. विमा कंपनीला बसवलेल्या वस्तू कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी त्याच वस्तूंवर बोट ठेवलं जाईल.

गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे. आपल्याकडे कोकणात लोक घालतात, भरती येते आणि दुसऱ्या दिवशी फोटो सगळीकडे फिरतो. सड्यांवर आणि पठारांवर वाट सोडून गाडी घालू नका. तिथे बोटभर मातीच्या थरावर फुलं उगवतात आणि चाकाची एक खूण कित्येक पावसाळे बुजत नाही.

घरी आल्यावर

दमलेले असलात तरी त्याच दिवशी खालून पाणी मारा. चॅसीच्या खोबणी, रिमच्या आतली बाजू, ब्रेकचे ड्रम. रिममध्ये सुकलेला चिखल राहिला तर दुसऱ्या दिवशी गाडी थरथरते आणि तुम्ही उगाच बॅलन्सिंगला पैसे देता. पाण्यातून गेला असाल तर सगळीकडे ग्रीस गन मारा, जुनं ग्रीस आणि पाणी बाहेर येईपर्यंत. अॅक्सलच्या ड्रेन बोल्टला जरा ढिला करून चार थेंब बघा, दुधाळ असतील तर तेल बदला. दोर साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा, नायलॉनला ऊन सोसत नाही. शॅकलच्या पिनेला तेलाचा थेंब. मग दोर, शॅकल आणि फावडं परत गाडीत, मागच्या सीटखाली, जिथे रात्रीसुद्धा चाचपून हाताला लागतील.